दहा हजारांच्या वरचा रोख भरणा, सीटीआर आणि बँकेची सूट: अमेरिकेतल्या मराठी व्यावसायिकांचे नेहमीचे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका छोट्या बँकेत रोख व्यवहारांचे अहवाल तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझ्या टेबलावरच्या पाटीवरचं आडनाव वाचून महिन्यातून एखाददुसरा दुकानदार हळूच मराठीत विचारतो, "ताई, तो दहा हजारांचा फॉर्म आमच्यासाठी बंद करता येईल का?" कधी येतो, कधी येत नाही. पण बहुतेकांना तो फॉर्म म्हणजे काय हेच नीट ठाऊक नसतं, आणि त्या भीतीपोटी ते भलतंच काहीतरी करून बसतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली. यातला प्रत्येक प्रश्न मला कुणी ना कुणी खरोखर विचारलेला आहे.

हा 'दहा हजारांचा फॉर्म' म्हणजे नेमकं काय?

करन्सी ट्रान्झॅक्शन रिपोर्ट, म्हणजेच सीटीआर. एका व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी एका कामकाजाच्या दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख रक्कम भरली किंवा काढली, तर बँकेला तो अहवाल अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे पाठवावा लागतो. मुदत १५ दिवसांची. हा नियम १९७० च्या बँक सीक्रसी अ‍ॅक्टमधून आला. नाव 'गुप्ततेचा कायदा' असलं, तरी काम गुप्तता राखण्याचं नसून नोंदी ठेवायला लावण्याचं आहे.

रोख म्हणजे फक्त नोटा आणि नाणी. कार्डमशीनवरची विक्री, ग्राहकांचे चेक, झेल या अ‍ॅपने आलेले पैसे यात येत नाहीत. बरोब्बर १०,००० डॉलर भरले तर अहवाल जात नाही, त्यावर एक सेंट गेला की जातो. फॉर्म बँक भरते. तुमच्याकडून तिला ओळखपत्र, पत्ता, धंद्याचं स्वरूप आणि पैसे भरायला प्रत्यक्ष कोण आलं एवढीच माहिती लागते.

अहवाल गेला म्हणजे सरकारला माझा संशय आला का?

नाही. हे मी दहादा सांगायला तयार आहे. २०२३ या सरकारी आर्थिक वर्षात बँका आणि इतर वित्तसंस्थांनी मिळून दोन कोटींहून अधिक सीटीआर पाठवले. त्यातले बहुसंख्य किराणा दुकानं, पेट्रोल पंप, रेस्टॉरंट, पार्किंगचे ठेकेदार अशा साध्यासरळ रोखीच्या धंद्यांचे असतात. सीटीआरमध्ये 'का' हा प्रश्नच नसतो. किती, कोणी, कधी, कोणत्या खात्यात, एवढंच असतं. त्यावर कर लागत नाही, खातं गोठत नाही, आणि तुमच्या क्रेडिट स्कोअरशी त्याचा काही संबंध नाही. आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, ही माहिती पाहता येते, हे खरं. पण विक्री जर हिशोबात दाखवलेली असेल, तर तो अहवाल तुमच्या हिशोबाचा साक्षीदार ठरतो.

दिवसाची बेरीज बँक कशी धरते? मी तर रोज चार-पाच हजारच भरतो.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. एकाच दिवशी वेगवेगळ्या शाखांमध्ये भरलेली रोख बँकेला कळली की ती एकत्र धरली जाते. भरलेली आणि काढलेली रक्कम मात्र वेगवेगळी मोजतात. सकाळी ८,००० भरले आणि दुपारी ५,००० काढले, तर एकूण १३,००० होत नाहीत आणि ३,०००ही होत नाहीत. दोन्ही बाजू आपापल्या जागी दहा हजारांच्या आत आहेत, म्हणून अहवाल जात नाही.

रात्री, शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी नाइट ड्रॉपमध्ये, म्हणजे बँक बंद असताना पैसे टाकायच्या पेटीत, टाकलेली रोख पुढच्या कामकाजाच्या दिवसाची मानली जाते. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार घ्या. फराळ, पणत्या, कंदील, मिठाई. शुक्रवारी रात्री ४,२००, शनिवारी ३,९००, रविवारी ३,१०० डॉलरची थैली ड्रॉपमध्ये टाकली. दुकानदाराच्या मनात ते तीन वेगवेगळे दिवस असतात. बँकेच्या लेखी तो सोमवार एकच, बेरीज ११,२००. मंगळवारी तो मला विचारतो, "मी तर दहा हजार कधी भरलेच नाहीत!" त्याचं म्हणणं खोटं नसतं, आणि नियमही बरोबर असतो.

मग ही सूट नेमकी कोणाला आणि कशापासून?

सूट म्हणजे ठरावीक ग्राहकांच्या रोख व्यवहारांचा सीटीआर न पाठवण्याची बँकेला मिळालेली मुभा. नीट लक्षात घ्या: मुभा बँकेला आहे. अहवाल पाठवायची जबाबदारी बँकेची, म्हणून त्यातून सुटकाही तिचीच. तुम्ही फिनसेनकडे अर्ज करून सूट मागू शकत नाही. तुम्ही पात्र असलात तरी ती द्यायची की नाही हे तुमची बँक ठरवते. एका बँकेने दिली म्हणून दुसरीला द्यावी लागत नाही. दिली तर मात्र ती त्या बँकेच्या सगळ्या शाखांना लागू होते.

सूट इतकी जपून का देतात?

कारण पूर्वी ती सढळ हाताने दिली गेली आणि त्याचे परिणाम या देशाने पाहिले आहेत. जुन्या पद्धतीत बँका आपापली 'सूट यादी' ठेवत. फेब्रुवारी १९८५ मध्ये बँक ऑफ बोस्टनने परदेशी बँकांशी झालेल्या सुमारे १२२ कोटी डॉलरच्या रोख देवाणघेवाणीचे अहवाल न पाठवल्याचा गुन्हा कबूल केला आणि ५ लाख डॉलर दंड भरला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट उजेडात आली. बोस्टनमधल्या संघटित गुन्हेगारीतल्या अँज्युलो कुटुंबाच्या ताब्यातल्या दोन रिअल इस्टेट कंपन्या त्या बँकेच्या सूट यादीत होत्या. नोटांच्या थैल्या यायच्या, त्याचे कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेनेच काढलेले चेक, व्हायचे, आणि अहवाल जायचा नाही. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मनी लाँडरिंग हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा ठरला.

नंतर गाडी दुसऱ्या टोकाला गेली. बँका धास्तीने सगळ्यांचेच अहवाल पाठवू लागल्या आणि सरकारकडे सरकारी खात्यांच्या नि मोठमोठ्या सुपरमार्केटच्या भरण्यांचे ढीग साचले. ते उपसून कामाचं काही शोधणं अवघड झालं. म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९४ च्या कायद्यात अहवालांची संख्या किमान ३० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट घालून दिलं आणि सुटीची पद्धत नव्याने बसवली. आजचे नियम त्यातूनच आले. डिसेंबर २००८ मध्ये ते आणखी सुटसुटीत झाले आणि जानेवारी २००९ पासून लागू आहेत.

कोणाला जवळजवळ आपोआप सूट मिळते?

या गटाला बँकेतली मंडळी 'फेज वन' म्हणतात. त्यात इतर बँका, केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारची खाती, न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज किंवा नॅसडॅकवर नोंदलेल्या कंपन्या (नॅसडॅकमधल्या छोट्या कंपन्यांचा कॅपिटल मार्केट विभाग वगळून) आणि अशा कंपनीची किमान ५१ टक्के मालकी असलेल्या उपकंपन्या येतात. बँका आणि सरकारी खाती यांच्यासाठी फिनसेनकडे फॉर्मही पाठवावा लागत नाही. नोंदलेल्या कंपन्यांसाठी मात्र तो पाठवावा लागतो.

माझ्याकडे मॅकडोनाल्ड्सची फ्रँचायझी आहे. मॅकडोनाल्ड्स तर शेअर बाजारात आहे!

कंपनी बाजारात आहे, तुमची एलएलसी, म्हणजे तुमची स्वतःची छोटी कंपनी, नाही. पाटी कोणाची आहे याला महत्त्व नाही, मालकी कोणाची आहे याला आहे. तुमच्या कंपनीत तिचा ५१ टक्के हिस्सा नसेल, तर तुम्ही इतर दुकानदारांसारखेच, म्हणजे खाली सांगितलेल्या 'फेज टू' गटात येता.

साध्या दुकानासाठी किंवा रेस्टॉरंटसाठी अटी काय आहेत?

तीन अटी आहेत, आणि तिन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात.

त्या बँकेत तुमचं व्यवहाराचं खातं किमान दोन महिने जुनं हवं. २००९ पूर्वी ही अट एक वर्षाची होती. बँकेची तुमच्याशी जुनी ओळख असेल आणि तिने जोखीम तपासून तसं नोंदवून ठेवलं, तर दोन महिन्यांआधीही सूट देता येते. पण असं क्वचितच कुणी करतं.

तुमचे १०,००० डॉलरवरचे रोख व्यवहार 'वारंवार' व्हायला हवेत. वारंवार म्हणजे वर्षात पाच किंवा अधिक. पूर्वी आकडा आठ होता. सूट मिळेपर्यंत अशा प्रत्येक व्यवहाराचा अहवाल जाणारच, त्यात पळवाट नाही. ज्याचा गल्ला वर्षातून दोनदाच, दिवाळीला आणि थँक्सगिव्हिंगला, दहा हजारांच्या वर जातो, त्याला सूट मिळत नाही आणि तिची त्याला गरजही नाही.

तिसरी अट म्हणजे धंदा अमेरिकेच्या किंवा इथल्या एखाद्या राज्याच्या कायद्याने स्थापन झालेला किंवा तिथे व्यवसाय करायला नोंदलेला असावा. एकट्या मालकाचा, म्हणजे सोल प्रोप्रायटरचा धंदाही चालतो. पण मग सूट धंद्याच्या खात्यापुरतीच असते. त्याच मालकाने घरच्या बचत खात्यात रोख भरली, तर तो व्यवहार सुटीबाहेर राहतो. नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात.

कोणत्या धंद्यांना सूट मिळतच नाही?

मुख्य उत्पन्न यापैकी कशातून येत असेल तर नाही: गाड्या, बोटी, विमानं, शेतीची यंत्रं किंवा मोबाइल होम विकणं किंवा घेणं, वकिली, अकाउंटिंग, डॉक्टरकी, लिलाव, जहाजं, बस किंवा विमानं भाड्याने देणं वा चालवणं, गहाणवटीचं दुकान, जुगार (परवानाधारक घोड्यांच्या शर्यतींवरचा पॅरिम्युच्युअल, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र करून खेळला जाणारा, सट्टा सोडून), गुंतवणूक सल्ला आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग, घरांची दलाली, टायटल इन्शुरन्स (घराच्या मालकीहक्काचा विमा) आणि क्लोजिंग (घराचा सौदा पुरा करून देणं), कामगार संघटनांचं कामकाज. शिवाय स्वतः वित्तसंस्था म्हणून किंवा तिचा एजंट म्हणून काम करणं. गांजाचा धंदा राज्याच्या कायद्याने चालत असला, तरी फिनसेनने त्याला सुटीबाहेर ठेवलं आहे.

ही यादी वाचून डॉक्टर मंडळी हमखास दुखावतात. यात कुणाच्या सचोटीवर शिंतोडा नाही. या व्यवसायांत एकेक व्यवहार मोठा असतो आणि रोज येणाऱ्या रोखीचा ठरलेला सूर नसतो. किराणा दुकानाची गेल्या महिन्यातली मंगळवारची रोख पाहिली, की या मंगळवारी साधारण किती येईल याचा अंदाज बांधता येतो. वापरलेल्या गाड्या विकणाऱ्याबद्दल तसा अंदाज बांधता येत नाही.

माझ्या दुकानात लॉटरीची मशीन आहे आणि मी मनी ऑर्डरही विकतो. मी बाद झालो का?

लगेच नाही. एकाच दुकानात अनेक धंदे असतील, तर वर्षाच्या एकूण उत्पन्नात अपात्र धंद्यांचा वाटा ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. उत्पन्न म्हणजे काय, हे फिनसेनने स्पष्ट केलं आहे. लॉटरीची तिकिटं विकून गल्ल्यात आलेले सगळे पैसे तुमचे नसतात, ते राज्याचे असतात. तुमचं उत्पन्न म्हणजे तुमच्या हाती उरणारं कमिशन.

समजा एका दुकानात वर्षाला ३ लाख डॉलरची लॉटरी तिकिटं गेली, पण कमिशन १८,००० डॉलर मिळालं. दूध, ब्रेड, सिगारेट, चहा, सामोसे यांची विक्री २,५०,००० डॉलर. विक्रीचे आकडे पाहिले तर लॉटरी वरचढ दिसते. उत्पन्न पाहिलं तर ती कोपऱ्यात उभी आहे. असं दुकान पात्र ठरू शकतं. या एका खुलाशाने मी कितीतरी दुकानदारांच्या कपाळावरच्या आठ्या जाताना पाहिल्या आहेत. यासाठी बँकेला काही आधार लागतो: टॅक्स रिटर्न, लॉटरीच्या कमिशनची विवरणं, किंवा तुमचं सहीनिशी निवेदन. निवेदनातला आकडा तुमच्या खात्यात रोज दिसणाऱ्या व्यवहारांशी जुळला पाहिजे.

चेक कॅश करून देत असाल, तर वेगळा विचार करावा लागतो. एका माणसासाठी एका दिवसात १,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचे चेक वटवून दिलेत, तर तुम्ही स्वतःच 'मनी सर्व्हिसेस बिझनेस', म्हणजे पैशांची सेवा देणारा धंदा, ठरता आणि तुमच्यावर नोंदणीसकट वेगळ्या जबाबदाऱ्या येतात. ते बँकेपासून लपवून सूट मागू नका. आम्हाला तुमच्या खात्यात दुसऱ्यांच्या नावांचे चेक दिसत असतात.

माझ्या दोन एलएलसी आहेत: एक पंप, एक रेस्टॉरंट. दोन्हींची रोख एकत्र धरतात का?

वेगळ्या स्थापन झालेल्या कंपन्या वेगळ्याच आहेत, असं बँक आधी गृहीत धरते. मालक एक आहे एवढ्यावरून बेरीज होत नाही. पण दोन्ही दुकानांचे नोकर एकच, एका खात्यातून दुसऱ्याचं भाडं, पंपाच्या खात्यातून मालकाच्या घराचा हप्ता, असं दिसलं तर त्या खरोखर वेगळ्या नाहीत असं बँक ठरवू शकते, आणि मग दोन्हींची रोख एकत्र मोजली जाते. सुटीच्या बाबतीतही दोघींची पात्रता वेगवेगळी तपासतात. पंपाला मिळाली म्हणून रेस्टॉरंटला मिळाली असं होत नाही.

मजुरांना रोख पगार देतो. त्यासाठी काढलेल्या पैशांचं काय?

त्यासाठी 'पेरोल ग्राहक' असा वेगळा प्रकार आहे. दोन महिने जुनं खातं, इथे नोंदलेला धंदा, आणि अमेरिकेतल्या कामगारांना पगार देण्यासाठी नियमितपणे १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख काढणं, या अटी आहेत. ही सूट फक्त पगारासाठी काढलेल्या रकमेला लागू होते, भरण्याला नाही. पगाराच्या पावत्या आणि कापलेले कर नीट असावेत हे सांगायला नको.

मी मागणी केली तर बँक काय करते?

बँक तुमच्या खात्याचे मागचे व्यवहार पाहते, कंपनीची नोंदणी तपासते, धंदा काय आहे ते कागदावर आणि बहुतेक वेळा प्रत्यक्ष येऊन पाहते. पात्र वाटलात, तर 'डेझिग्नेशन ऑफ एक्झेम्प्ट पर्सन' हा फॉर्म इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिनसेनला पाठवते. सुटीत धरलेल्या पहिल्या व्यवहारापासून ३० दिवसांच्या आत तो जावा लागतो. त्यानंतर वर्षातून किमान एकदा तुमची पात्रता पुन्हा तपासायची आणि त्याची नोंद ठेवायची. २००९ पूर्वी दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचा फॉर्मही पाठवावा लागे, तो आता बंद झाला.

तुमच्याकडून मदत होते ती अशी: धंद्याची सगळी रोख धंद्याच्याच खात्यात आणा. कामाचं स्वरूप बदललं, नवी शाखा उघडली, लॉटरी किंवा एटीएम मशीन बसवली, भागीदार आला किंवा गेला, तर बँकेला कळवा. वर्षातून एकदा विचारलेले कागद वेळेत द्या.

सगळ्या अटी पुऱ्या करूनही बँक नाही म्हणाली. असं का?

नियमात 'देता येते' असं आहे, 'द्यावीच लागते' असं नाही. आजकाल सीटीआर बरेचसे आपोआप तयार होतात. एक अहवाल पाठवायला काही मिनिटं लागतात. सुटीचं मात्र तसं नाही: सुरुवातीची तपासणी, वार्षिक तपासणी, प्रत्येकाची फाइल, आणि तपासनीस आला की त्या प्रत्येक फाइलचं उत्तर द्यायचं. चुकीच्या ग्राहकाला सूट दिली आणि मागचे अहवाल राहिले असं निघालं, तर त्याचं निस्तरणं वेगळं. म्हणून अनेक छोट्या बँका सरळ सगळ्यांचे अहवाल पाठवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये टीडी बँकेने या कायद्याखालचे गुन्हे कबूल केले आणि तिला एकूण ३०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. त्यानंतर कुठलाही बँक अधिकारी जरा जास्तच सावध झाला असेल, तर मला त्याचं नवल वाटत नाही.

मला स्वतःला वाटतं की महिन्याला वीस-वीस अहवाल जाणाऱ्या, दहा वर्षं ओळखीच्या किराणा दुकानाला सूट द्यायलाच हवी. त्या दुकानाचा वीसावा अहवाल वाचून कुठल्याही तपास अधिकाऱ्याला नवं काही कळत नाही. मी माझ्या वरिष्ठांपुढे हे मांडत आले आहे. पण बँक नाही म्हणाली, तर तुमचं नुकसान काहीच नाही. अहवाल जात राहतील, इतकंच.

सूट मिळाली की मग कोणी विचारणार नाही ना?

विचारतील. सूट फक्त सीटीआरपासून आहे. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, ज्याला सार म्हणतात, त्यापासून कुणालाही सूट नाही. ५,००० डॉलरपासून पुढचा आणि संशय येईल असा व्यवहार दिसला, तर बँकेला सार पाठवावाच लागतो. तो पाठवला की नाही, हे तुम्हाला सांगायला तिला कायद्याने मनाई आहे. माझ्या टेबलावर दररोज एक यादी येते, तिच्यात सूट असलेले ग्राहकही असतात. ज्याचा भरणा वर्षभर बारा हजारांच्या आसपास आहे, त्याचा अचानक साठ हजार झाला, तर मी फोन करते. उत्तर साधं असतं: शेजारचं दुकान बंद झालं, नवरात्रात गरब्याच्या हॉलला खाद्यपदार्थ पुरवले. ते उत्तर मी फाइलमध्ये लिहून ठेवते.

कटकट नको म्हणून मी साडेनऊ हजारच भरले तर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. असं करू नका. कधीही नाही, एकदाही नाही.

अहवाल टाळण्याच्या हेतूने रक्कम तोडून भरणं किंवा काढणं याला 'स्ट्रक्चरिंग' म्हणतात, आणि तो केंद्रीय गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, काही परिस्थितींत दहा. पैसे कष्टाचे, कर भरलेले, एकूण एक स्वच्छ असले तरीही. गुन्हा पैशाचा नाही, तो अहवाल चुकवण्याच्या हेतूचा आहे. अमेरिकी लोकप्रतिनिधीगृहाचे माजी सभापती डेनिस हॅस्टर्ट आधी पन्नास-पन्नास हजार डॉलर रोख काढत होते. बँकेने विचारणा केल्यावर ते दहा हजारांच्या आत काढू लागले. त्यांनी पूर्वी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल पीडित व्यक्तीने गप्प राहावं, म्हणून ते पैसे दिले जात होते. खटल्यात आरोप ठरला तो मात्र स्ट्रक्चरिंगचा, आणि २०१६ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली.

लहान दुकानदारांनीही हे भोगलं आहे. एके काळी आयआरएस नुसत्या दहा हजारांखालच्या भरण्यांच्या नमुन्यावरून खाती जप्त करत असे, आणि त्यात साध्या रेस्टॉरंटवाल्यांचेही पैसे अडकले. २०१४ मध्ये आयआरएसने धोरण बदललं. २०१९ मध्ये काँग्रेसने कायदाच केला, की स्ट्रक्चरिंगच्या जप्तीसाठी पैसे बेकायदा मार्गाचे असल्याचं किंवा दुसरा गुन्हा लपवण्यासाठी तोडल्याचं आयआरएसला दाखवावं लागेल. पण जप्तीला आळा बसला म्हणून गुन्हा पुसला गेला नाही.

काही वर्षांपूर्वी एक मराठी दुकानदार ११,४०० डॉलर घेऊन काउंटरवर आले. टेलरने, म्हणजे काउंटरवर पैसे घेणाऱ्या मुलीने, ओळखपत्र मागितलं आणि अहवालाचं सांगितलं. ते म्हणाले, "मग दोन हजार उद्या भरतो," आणि नोटांचं बंडल परत घेऊ लागले. टेलरने मला बोलावलं. मी त्यांना बाजूला घेऊन मराठीत समजावलं की अहवाल हा काही डाग नाही, पण परत घेतलेले दोन हजार डाग ठरतील. त्यांनी सगळे पैसे भरले. आता त्यांच्या दुकानाला सूट आहे आणि दिवाळीत ते आम्हाला चकल्या आणतात. पण त्या दिवशी टेलर घाईत असती तर? म्हणूनच हा प्रश्न मी इतका लांबवला.

टेलर तुम्हाला नियम सांगू शकते, फिनसेनचं ग्राहकांसाठीचं पत्रक देऊ शकते. "किती भरलं तर फॉर्म लागणार नाही?" याचं उत्तर ती देणार नाही. तिला ते विचारूच नका.

बिलाचे ३,००० आज आणि भाड्याचे ८,००० उद्या भरले तर तेही स्ट्रक्चरिंग का?

नाही. रोजची रोख रोज भरणं हा चांगला धंदेवाईक रिवाज आहे. ती दहा हजारांच्या आत असली तर असली. हेतू अहवाल चुकवण्याचा नसेल, तर गुन्हा नाही.

फॉर्म ८३००, एफबार, विमानतळावरचा फॉर्म: हे सगळं एकच ना? सगळीकडे दहा हजारच आहेत.

आकडा एक, सीटीआर धरून गोष्टी चार. फॉर्म ८३०० तुम्ही स्वतः भरायचा: ग्राहकाने एका व्यवहारात किंवा जोडलेल्या व्यवहारांत तुम्हाला १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख दिली, तर १५ दिवसांत. बँकेच्या सुटीने त्यातून सुटका होत नाही. दागिन्यांचं दुकान चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. एफबार म्हणजे भारतातल्या किंवा इतर परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा जास्त झाली, तर द्यायची माहिती. त्यात रोखीचा प्रश्नच नाही. पुण्याच्या बँकेतली मुदत ठेव त्यात मोडते. आणि देशाबाहेर जाताना किंवा येताना १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख जवळ असेल, तर सीमेवर ती जाहीर करावी लागते.

भारतातही बँका १० लाख रुपयांवरच्या रोख व्यवहारांची माहिती फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला देतात. तो तिथला कायदा, त्याचा इथल्या सुटीशी संबंध नाही.

गणेशोत्सवात आमच्या मंडळाकडे बरीच रोख जमते. मंडळाला सूट मिळेल का?

वर्षात पाच वेळा दहा हजारांवर रोख भरणारं मंडळ मी तरी पाहिलेलं नाही, त्यामुळे अट तिथेच अडते. उत्सवानंतरचा एक भरणा, एक अहवाल, काम संपलं. देणग्यांच्या पावत्या आणि स्टॉलच्या हिशोबाची वही भरण्याच्या पावतीला जोडून ठेवा. आणि तीन कार्यकर्त्यांनी आपापल्या खिशातून थोडी थोडी रोख तीन शाखांत भरायची कल्पना कुणी मांडली, तर त्याला हे पान वाचायला द्या.

दुकान विकलं तर सूट नव्या मालकाला मिळते का?

सूट दुकानाच्या जागेला नसते, ग्राहकाला असते. नव्या मालकाचं नवं खातं, नवी कंपनी, म्हणजे दोन महिने आणि पाच व्यवहार पुन्हा शून्यापासून. तुमचं जुनं खातं तुम्ही दुसऱ्या कामासाठी वापरू लागलात, तर आधी बँकेला सांगा. धंदा बदलल्यावर सूट राहील की नाही, ते ती तपासेल.

रोख घेऊन बँकेत कोणाला पाठवावं?

नेहमी एकाच विश्वासू माणसाला, आणि त्याच्याजवळ वैध ओळखपत्र असू द्या: ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड. सूट असेल तेव्हाही टेलर कधी कधी ओळखपत्र मागते. नोटा मोजून, मूल्याप्रमाणे बंडलं करून, भरण्याची स्लिप दुकानातच भरून पाठवा. आणि त्याला एवढं सांगून ठेवा: टेलर काही फॉर्म भरू लागली, तर शांतपणे उभं राहायचं, विचारलेलं खरं खरं सांगायचं आणि सगळेच्या सगळे पैसे भरून पावती घेऊन यायचं.